न उसवणारा जोड

१८३०च्या दशकात अमेरिकेला रबराचं वेड लागलं होतं. ब्राझीलच्या पारा बंदरातून ओबडधोबड रबरी बूट बोस्टनला यायचे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले लोक झाडाचा चीक साच्यावर थरांवर थर चढवून, धुरावर धरून ते घडवत. पावसात आणि चिखलात पाय कोरडे राहतात म्हटल्यावर मागणी वाढली, भांडवलवाले पुढे सरसावले, कारखाने उभे राहिले. मग उन्हाळा आला. बुटांचा चिकट लगदा झाला, त्यांना दुर्गंधी सुटली. उन्हाळ्यातून वाचलेले बूट थंडीत कडक होऊन तडकले. बोस्टनजवळच्या रॉक्सबरी इथल्या रबर कंपनीकडे परत आलेल्या मालाचे ढीग लागले. वास सहन होईना, तेव्हा संचालकांनी खड्डा खणून तो माल पुरून टाकला, असं सांगतात.

रबरी बुटांचा कचरा जमिनीत गाडण्याची ही सुरुवात. तो माल गाडावा लागला, कारण तो टिकत नव्हता. आजचे स्नीकर्स कचरा डेपोत जातात तेव्हा अडचण नेमकी उलटी असते. हा उलटा प्रवास कसा झाला, याची गोष्ट बुटाच्या सामानापेक्षा त्याच्या जोडणीत जास्त सापडते.

पहिला न सुटणारा जोड सापडला तो रेणूंच्या पातळीवर. चार्ल्स गुडइयर हा दिवाळं निघालेला, कर्जापायी तुरुंगाची हवा खाल्लेला माणूस. रबर टिकाऊ करण्याच्या ध्यासापायी त्यानं घरदार पणाला लावलं होतं. १८३९ मध्ये गंधक मिसळलेलं रबर त्याच्याकडून तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळण्याऐवजी चिवट झालं. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकनंही आपला हक्क नोंदवला होता. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. रबराच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये गंधक पूल बांधतं आणि मग त्या एकमेकींवरून घसरत नाहीत. उन्हाळा-हिवाळ्याचा प्रश्न मिटला. पण बांधलेले पूल सहजी तुटत नाहीत. असं रबर मेणाप्रमाणे पुन्हा वितळवून नव्या साच्यात ओतता येत नाही; ते दळता येतं, जाळता येतं, नाहीतर फेकून देता येतं. गुडइयरला याची फिकीर असण्याचं कारण नव्हतं. तो १८६०मध्ये वारला तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं. त्याचं नाव लावणारी टायर कंपनी पुढे १८९८मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली.

त्याआधीचा चामडी बूट म्हणजे शिवणकाम. तळवा झिजला की टाके उसवायचे, नवा तळवा लावायचा, पुन्हा टाके घालायचे. रबरी तळव्याच्या बुटानं ही पद्धत मोडली. कापडी वरचा भाग आणि रबरी तळवा एकत्र चिकटवून भट्टीत घालायचे, की दोन्ही एकजीव होऊन बाहेर येतात. अमेरिकेत १९१६मध्ये ‘केड्स’ बाजारात आले, १९१७मध्ये कॉन्व्हर्स कंपनीचे ‘ऑल स्टार’. हलके, स्वस्त आणि पावलांचा आवाज न करणारे. भारतात बाटानं १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं आणि कॅनव्हासचे पांढरे बूट हळूहळू शाळाशाळांत पोचले. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना ते पीटीचे बूट म्हणूनच माहीत आहेत. शुक्रवारी रात्री त्यांना ओला खडू नाहीतर पांढरं पॉलिश फासायचं आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेला ते घालून जायचं. अंगठ्यापाशी कापड फाटायचं, टाचेशी रबर झिजायचं. तरी धाकट्या भावंडाच्या पायात आणखी एक वर्ष निघायचं. त्या बुटात मुख्यतः दोनच गोष्टी होत्या: सूत आणि रबर.

दोनच असल्या म्हणून त्या निष्पाप होत्या असं नाही. १८७६मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजानं अ‍ॅमेझॉनमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथली रोपं श्रीलंका आणि मलायात गेली आणि आशियातली जंगलं तोडून रबराचे मळे उभे राहिले. इकडे अ‍ॅमेझॉनच्या पुतुमायो खोऱ्यात रबर गोळा करण्यासाठी आदिवासींना गुलामासारखं राबवलं, मारलं गेलं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा त्यावरचा अहवाल १९१२मध्ये जाहीर झाला तेव्हा युरोप हादरला. हलक्याफुलक्या बुटाच्या तळव्याखाली एवढं सगळं होतं.

खरं वळण आलं १९७०च्या दशकात. अमेरिकेत जो तो धावायला लागला. प्रशिक्षक बिल बॉवरमन घरातल्या वॉफल भाजायच्या साच्यात रबर ओतून तळव्याची नक्षी घडवत होते. त्यांची कंपनी, म्हणजे पुढची नायकी, सुरुवातीला जपानी बूट आयात करून विकत असे. धावणाऱ्यांना गुडघ्यांसाठी गादी हवी होती. दशकाच्या मध्यास ‘ब्रुक्स’ कंपनीनं धावण्याच्या बुटात ईव्हीए नावाचा फोम घातला आणि बाकीचे त्या वाटेनं गेले. ईव्हीए म्हणजे पेट्रोलियमपासून बनणारं, आत असंख्य बारीक बुडबुडे असलेलं प्लास्टिक. वजन नगण्य, दाबलं की परत वर येतं. त्याच्या जोडीला पॉलियुरेथेन, नायलॉन, पॉलिस्टर, कृत्रिम चामडं, टाचेला कडक प्लास्टिकची वाटी.

इथून पुढे स्नीकर म्हणजे एकमेकांशी न पटणाऱ्या पदार्थांचं संमेलन झालं. त्यांना धरून ठेवणार कोण? गोंद. फोमला टाके धरत नाहीत, आणि रबरासोबत भट्टीत घातला तर त्याचा आकार बिघडतो. तेव्हा विद्रावकात विरघळवलेलं चिकटद्रव्य ब्रशनं लावायचं, गरम करायचं, दाबायचं. हे काम हातानं करावं लागतं, म्हणून कारखाने मजुरीच्या मागे फिरत राहिले. जपान महाग झाल्यावर दक्षिण कोरियातलं बुसान आणि तैवान, मग चीन, इंडोनेशिया, व्हिएतनाम. आज नायकीच्या बुटांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएतनाममध्ये बनतात.

गोंदाचा वास किती महाग पडतो, हे १९९७मध्ये जगानं वाचलं. हो ची मिन्ह शहराजवळ नायकीसाठी बूट बनवणारा एक कोरियन मालकीचा कारखाना होता. नायकीनंच नेमलेल्या अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षकांनी त्याची पाहणी केली आणि तो अहवाल फुटला. कारखान्याच्या काही भागांत घातक रसायनांचं प्रमाण स्थानिक कायद्याच्या मर्यादेपेक्षा १७७ पट होतं आणि ७७ टक्के कामगारांना श्वसनाचे त्रास होते. बहुसंख्य कामगार तरुण मुली होत्या. पुढच्या वर्षी कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनी कारखान्यांतली हवा अमेरिकी निकषांवर आणण्याचं आश्वासन दिलं आणि पाण्यात मिसळणाऱ्या गोंदाकडे उद्योग हळूहळू वळला. ही सुधारणा खरी होती. मात्र गोंद बदलला तरी चिकटवणं तसंच राहिलं.

याच काळातली दुसरी गोष्ट हवेची, आणि ती अधिक चमत्कारिक आहे. विमान-अवकाश उद्योगात काम केलेल्या फ्रँक रूडी या अभियंत्यानं बुटाच्या टाचेत हवेची पिशवी घालायची कल्पना नायकीला विकली. १९७९पासून ‘एअर’ बूट दुकानांत आले. साधी हवा पिशवीतून झिरपून जाते. म्हणून मोठ्या रेणूचा वायू निवडला, सल्फर हेक्साफ्लोराइड. विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये वापरला जाणारा हा वायू विषारी नाही, जळत नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही. सगळं उत्तम. फक्त शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींच्या घरात उष्णता अडवून ठेवतो, आणि वातावरणात गेला की शतकानुशतकं तिथंच राहतो. ज्याच्या पायात तो होता, त्याला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. बूट कचऱ्यात गेला, पिशवी फुटली, की वायू मोकळा.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या पर्यावरणवाद्यांनी हा मुद्दा लावून धरला. तोवर ‘एअर’ हीच कंपनीची ओळख बनली होती, त्यामुळे ती टाकून देता येईना. १९९७मध्ये, वापर शिखरावर असताना, या बुटांतल्या वायूचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे दहा लाख मोटारींच्या धुराएवढा होता. पर्याय होता नायट्रोजन, पण त्याचे रेणू लहान, झिरपणारे. त्याला डांबून ठेवणारी अनेक पातळ थरांची पिशवी साधायला दशकाहून जास्त काळ गेला. २००६मध्ये नायट्रोजनवाला बूट आला. त्याच वर्षी जुलैपासून युरोपीय संघानं असे वायू भरलेल्या पादत्राणांवर बंदी घातली. गंमत म्हणजे नवी पिशवी इतकी मजबूत निघाली, की टाचेपासून चवड्यापर्यंत तळवाभर हवा भरता आली, आणि तो बूट जाहिरातीत आणखी मिरवता आला. पर्यावरणासाठी केलेली दुरुस्ती धंद्यालाही फळली, असं स्नीकरच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही.

लहान मुलांच्या चमचमत्या दिव्यांच्या बुटांची कथा त्यामानानं लवकर आटोपली. एल.ए. गिअर कंपनीच्या बुटात दिवा लावणाऱ्या बटणात पारा होता. १९९४मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं हरकत घेतली आणि कंपनीला पाऱ्याविना चालणारं बटण आणावं लागलं.

स्नीकर किती टिकतो, याची चाचणी मात्र समुद्रानं घेतली. मे १९९०मध्ये कोरियाहून अमेरिकेला निघालेल्या ‘हांसा कॅरिअर’ जहाजावरून उत्तर पॅसिफिकच्या वादळात २१ कंटेनर पडले. त्यांतल्या पाचांमध्ये नायकीचे ६० हजारांहून जास्त बूट होते. पुढच्या हिवाळ्यापासून ते ऑरेगन, वॉशिंग्टन आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर लागू लागले. डावा-उजवा एकत्र बांधलेला नव्हता, तेव्हा किनाऱ्यावर बूट वेचणाऱ्यांनी अदलाबदलीचे मेळावे भरवले, जोड्या जुळवल्या, धुऊन वापरल्या. कर्टिस एबेसमायर आणि जेम्स इंग्रहॅम या शास्त्रज्ञांनी कुठला बूट कुठे लागला याच्या नोंदी करून सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. तो १९९२मध्ये प्रसिद्ध झाला. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात तरंगूनही बूट घालण्याजोगे होते, हे तेव्हा गमतीनं सांगितलं गेलं.

पण हाच बूट बंद कपाटात टिकत नाही. पॉलियुरेथेनच्या तळव्याला दमट हवा लागली की पाण्याचा अंश त्याच्या साखळ्या तोडत जातो. मुंबई-कोकणात हे घरोघर माहीत आहे: जपून ठेवलेला महागडा बूट चार-पाच पावसाळ्यांनी बाहेर काढावा, तर वरून नवाकोरा आणि खाली तळव्याचा भुगा. थोडक्यात, वापराच्या दृष्टीनं तो नाशवंत आणि कचऱ्याच्या दृष्टीनं चिरंजीव.

२०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी आसिक्स कंपनीच्या धावण्याच्या एका बुटाचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. एका जोडीमागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन. बुटात ६५ वेगवेगळे भाग, ते घडवून जोडायला ३६० टप्पे. आणि एकूण उत्सर्जनाच्या दोन तृतीयांशांहून जास्त वाटा कच्च्या मालाचा नव्हता, तर कारखान्यातल्या कामाचा होता. प्रत्येक छोटा भाग वेगळा कापायचा, वेगळा तापवायचा, साच्यात दाबायचा. आणि चीनमधल्या त्या कारखान्यांची वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे ओझं फोमचं होतंच, पण त्याहून जास्त ते इतके तुकडे जोडत बसण्याचं होतं. हा अभ्यास एका बुटाचा आहे, तेव्हा तो साऱ्या स्नीकर्सना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी जगात वर्षाला २० अब्जांहून जास्त जोड पादत्राणं बनतात आणि त्यांच्या उत्पादनात चीनखालोखाल भारत आहे, हे लक्षात घेतलं की ६५ आणि ३६० हे आकडे विसरणं कठीण जातं.

‘हिरव्या’ म्हणवणाऱ्या बुटांकडे पाहिलं तर बहुतेकांनी कच्चा माल बदलला. २००९मध्ये ग्रीनपीसनं अ‍ॅमेझॉनचं जंगल तोडून उभ्या राहिलेल्या गुरांच्या कुरणांचा धागा नामांकित बुटांच्या चामड्यापर्यंत नेला, तेव्हा कंपन्यांनी चामड्याचा उगम तपासायचं कबूल केलं. २०१५मध्ये आदिदासनं ‘पार्ले’ या संस्थेबरोबर, बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाच्या खोल समुद्रातल्या जाळ्यांपासून विणलेला नमुना दाखवला आणि पुढे किनाऱ्यांवरच्या प्लास्टिकपासून लाखो जोड विकले. फ्रान्सच्या ‘वेजा’नं २००५पासून ब्राझीलच्या आक्रे राज्यातलं रानातलं रबर घ्यायला सुरुवात केली. चिको मेंडिस या रबर गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याची जंगल वाचवण्याच्या लढ्यात १९८८मध्ये हत्या झाली, ते हेच राज्य. विकहॅमच्या बियांनी अ‍ॅमेझॉनबाहेर नेलेला धंदा थोडासा का होईना तिथल्या उभ्या झाडांकडे परतला. स्वित्झर्लंडच्या ‘ऑन’ कंपनीनं एरंडाच्या बियांपासूनच्या प्लास्टिकचा बूट काढला. जगातल्या एरंडेल तेलाचा मोठा हिस्सा गुजरातच्या शेतांतून येतो.

यातलं काहीच खोटं नाही. पण जाळ्याच्या धाग्याचा वरचा भाग फोमच्या तळव्याला चिकटवला की तो धागा पुन्हा समुद्रात न जाता बुटाबरोबर डेपोत जातो, एवढंच.

चिकटलेलं वेगळं काढायचं, तर दळावं लागतं. नायकी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जुने बूट गोळा करून त्यांचा भुगा करते आणि तो धावण्याच्या ट्रॅकसाठी वापरते, बास्केटबॉलच्या मैदानाखाली पसरते. बुटाचा बूट होत नाही. तेही प्रत्येक वेळी घडतंच असं नाही. सिंगापूरमध्ये सरकारी क्रीडासंस्था आणि ‘डाऊ’ या रसायन कंपनीनं जुने बूट दळून मैदानं बनवण्याचा उपक्रम चालवला होता. रॉयटर्सच्या पत्रकारांनी ११ जोड्यांच्या तळव्यात माग काढणारी यंत्रं दडवली आणि ते बूट दानपेट्यांत टाकले. २०२३च्या फेब्रुवारीत बातमी आली: एकही जोड दळला गेला नव्हता. बहुतेक बूट परदेशी रवाना झाले होते आणि काहींचा माग इंडोनेशियातल्या जुन्या बाजारांत निघाला, जिथं जुने कपडे आणि बूट आयात करायला बंदी आहे. कंपनीनं माल उचलणाऱ्या निर्यातदाराला उपक्रमातून वगळलं. खरं तर ते बूट कुणाच्या तरी पायात गेले, हे भुगा होण्यापेक्षा बरंच. फक्त दानपेटीवर लिहिलेलं ते नव्हतं.

जोडणीलाच हात घालणारा प्रयत्न २०१९मध्ये झाला. आदिदासच्या ‘फ्युचरक्राफ्ट लूप’मध्ये तळवा, वरचा भाग, नाडी, सगळं एकाच प्लास्टिकचं होतं आणि गोंदाऐवजी उष्णतेनं जोडलेलं. २०० जणांना ते बूट दिले, वापरून परत घेतले आणि वितळवून पुढच्या बुटांसाठी वापरले. जुन्याच मालात भागलं नाही, नव्याची भर घालावी लागली. २०२१मध्ये याच धर्तीचा बूट विक्रीला आला. अडचण तंत्रापेक्षा सवयीची दिसते: असा बूट झिजल्यावर गिऱ्हाईकानं तो कंपनीकडे धाडला पाहिजे.

महाराष्ट्राकडे न उसवणाऱ्या जोडाच्या अगदी विरुद्ध टोकाचा नमुना आहे. कोल्हापुरी चप्पल. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं, आणि ते शिवायला चामड्याचीच वादी. अस्सल चपलेत खिळा नाही, गोंद नाही. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. तिचे गोडवे गाताना दोन गोष्टी सोडल्या जातात. एक, ती घालून दहा किलोमीटर धावता येत नाही आणि पावसात ती फुगते. दोन, कातडं कमावण्याचं काम ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्या वाट्याला त्याबद्दल अस्पृश्यता आली. स्नीकरला पर्याय म्हणून तिच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, प्रामाणिक नाही. तिच्याकडून घेण्यासारखं आहे ते एकच, ज्या मालाची वस्तू त्याच मालाचा जोड. आणि ‘लूप’मध्ये अभियंते नेमकं तिथंच पोचले.

मुंबईत श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी ‘ग्रीनसोल’ सुरू केली ती वेगळ्या विचारातून. धावणाऱ्यांचे बूट वरून फाटतात, तरी तळव्यात बराच जीव उरतो. तो कापून काढायचा, त्याला नवे पट्टे लावून चपला करायच्या आणि गावाकडच्या शाळकरी मुलांना द्यायच्या. दळण्याला लागणारी ऊर्जाही वाचते. तरी अशा प्रत्येक उपक्रमाला सरावलेले हात लागतात, आणि ते हात रस्त्यावर आधीच आहेत. स्टेशनबाहेर बसणारा कारागीर सुटलेल्या तळव्याला सोल्युशन लावतो, त्याचा भरवसा न धरता वर आरीनं चौफेर टाके घालतो आणि गिऱ्हाईक त्याच पायांनी गाडी पकडतं. फोम बसला असेल तर त्याचाही इलाज चालत नाही. बाकी तो बुटाला आणखी वर्षभर ओढतो.

फ्रान्सनं नोव्हेंबर २०२३पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्यांना प्रत्येक दुरुस्तीमागे ६ ते २५ युरोंची सवलत सुरू केली. पैसा येतो उत्पादकांनी भरलेल्या वर्गणीतून. ‘वेजा’नं २०२०मध्येच बोर्डो शहरात स्नीकर दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. युरोपीय संघातल्या मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६पासून न विकलेले बूट नष्ट करायलाही मनाई ठरली आहे. महाराष्ट्रातही सरकार बूट दुरुस्त करणाऱ्यांना पत्र्याचे गटई स्टॉल देतं. ती योजना पर्यावरण विभागाची नाही, सामाजिक न्याय विभागाची आहे, आणि बूट विकणाऱ्या कंपन्यांचा तिच्यात एक रुपयाही नाही.